झेडएक्स स्पेक्ट्रमचे हार्डवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमक्या कोणत्या मशीनबद्दल आहे?

ब्रिटनमधल्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणलेल्या, रबरी बटणांच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाबद्दल आणि त्याच बोर्डावर चालणाऱ्या १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसबद्दल. १६ केबीचे मशीन १२५ पौंडांना होते, ४८ केबीचे १७५ पौंडांना. हार्डवेअरची रचना रिचर्ड ऑल्टवासर यांची, रॉममधली (कायमच्या मेमरीतली) बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा मुख्यतः स्टीव्ह व्हिकर्स यांची आणि बाहेरचे रूप रिक डिकिन्सन यांचे. १२८ केबीच्या मशीन्सबद्दल शेवटी थोडे आहे. त्यांची वंशावळ तीच असली तरी दुरुस्ती वेगळी.

पुण्यात बनलेला स्पेक्ट्रम याच जातीचा का?

हो. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. तो स्पेक्ट्रम प्लसच आहे, त्यामुळे ४८ केबी मशीनच्या बोर्डाबद्दल इथे लिहिलेले त्यालाही लागू. माळ्यावरून काढलेले मशीन थेट सप्लायला जोडू नका. आधी उघडून सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज आहे का, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडल्या आहेत का ते पाहा. सॉकेटमधले आयसी एकेक करून थोडे उचलून परत दाबले तरी बरेच ‘मेलेले’ बोर्ड जागे होतात.

आत किती भाग आहेत?

मोजकेच. ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, १६ केबीची एक रॉम, खालच्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ रॅम चिप, वरच्या ३२ केबीसाठी ४५३२ जातीच्या आठ, पत्ता वाटून देणारे काही ७४एलएस१५७, रंगांसाठी एलएम१८८९, टीव्हीचा मॉड्युलेटर, ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर आणि फेरान्टीने बनवलेला ४० पिनांचा यूएलए, म्हणजे बरीच लॉजिक सर्किटे एकत्र घेणारी, याच मशीनसाठी घडवलेली चिप. उरलेली सगळी कामे या यूएलएच्या गळ्यात. तो १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून घड्याळ तयार करतो, चित्र काढतो, कीबोर्ड वाचतो, टेप ऐकतो, स्पीकर वाजवतो आणि खालच्या रॅमचा ताबा कोणाकडे हेही ठरवतो. मशीन स्वस्त झाले ते त्यामुळे. त्याचे बहुतेक विचित्र वागणेही याच एका निर्णयातून आले आहे.

स्क्रीनच्या ओळी मेमरीत अशा उलटसुलट क्रमाने का?

चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचे, म्हणजे ६१४४ बाइट, पत्ता १६३८४ पासून. रंगांचे ७६८ बाइट २२५२८ पासून. मात्र पहिल्या ओळीनंतर २५६ बाइट पुढे गेलात तर लगतची दुसरी ठिपका-ओळ सापडते आणि ३२ बाइट पुढे गेलात तर आठ ओळी खालची. लोडिंगच्या वेळी चित्र तीन पट्ट्यांत, झिरझिर भरत जाते ते याच मांडणीमुळे.

कारण रॅमच्या वेगात आहे. प्रत्येक आठ ठिपक्यांसाठी यूएलएला दोन बाइट लागतात, एक ठिपक्यांचा आणि एक रंगाचा. त्या काळच्या स्वस्त डायनॅमिक रॅमला दोन पूर्ण वाचने तेवढ्या वेळात जमत नव्हती. पण ‘रो’ पत्ता एकदाच देऊन लगोलग दोन ‘कॉलम’ पत्ते दिले तर दुसरे वाचन खूप लवकर होते. त्यासाठी दोन्ही बाइटांच्या पत्त्याचा खालचा भाग सारखा असायला हवा. ऑल्टवासर यांनी ठिपक्यांचा पत्ता असा कातरला की खालच्या आठ बिटांत अक्षराचा स्तंभ आणि त्या तृतीयांशातली अक्षर-ओळ आली. रंगाच्या पत्त्यातही खालचे आठ बिट तेच. प्रोग्रामरला त्रास झाला, पण महागडी रॅम वाचली. हिशेब चोख आहे.

रंग एकमेकांवर का चढतात?

८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला रंगाचा एकच बाइट असतो. तीन बिट शाईचे, तीन कागदाचे, एक ‘ब्राइट’, एक ‘फ्लॅश’. एका चौकोनात दोनपेक्षा जास्त रंग मावत नाहीत, म्हणून खेळातला लाल माणूस हिरव्या झाडाजवळून गेला की झाडच लाल होते. हा दोष नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

काही प्रोग्राम खालच्या मेमरीत ठेवले की हळू का चालतात?

१६३८४ ते ३२७६७ ही जागा प्रोसेसर आणि यूएलए दोघांची. टीव्हीचा किरण थांबत नाही, म्हणून चित्र काढायच्या वेळी यूएलएचा हक्क पहिला. प्रोसेसरने तेवढ्यात तिथे हात घातला तर यूएलए त्याचे घड्याळच रोखून धरतो. चित्राच्या १९२ ओळींत, प्रत्येक ओळीच्या २२४ पैकी १२८ टी-स्टेटमध्ये (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) हे घडते आणि थांबणे ६, ५, ४, ३, २, १, ०, ० अशा चक्राने येते. ३२७६८ च्या वरची रॅम आणि रॉम यातून मोकळी. आवाजाचा किंवा टेपचा मोजून चालणारा कोड म्हणूनच वरच्या मेमरीत ठेवायचा. एक पूर्ण फ्रेम ६९८८८ टी-स्टेटची असते, त्यामुळे प्रोसेसरला दर फ्रेमला मिळणारा इशारा, म्हणजे इंटरप्ट, सेकंदाला ५० पेक्षा किंचित जास्त वेळा येतो.

याच भागीदारीतून आणखी एक गंमत. प्रोसेसरच्या ‘आय’ रजिस्टरमध्ये ६४ ते १२७ मधला आकडा ठेवला की रॅम ताजी ठेवण्यासाठी प्रोसेसर देतो ते रिफ्रेशचे पत्ते खालच्या रॅमवर पडतात, यूएलए गोंधळतो आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके उडतात. चिप खराब झालेली नसते, प्रोग्राम बदला.

डेटा लाइनांमध्ये रेझिस्टर का घातले आहेत?

खालची रॅम व यूएलए एका बाजूला, प्रोसेसर, रॉम व वरची रॅम दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आठ डेटा लाइनांवर ४७० ओहमचे आठ रेझिस्टर. पत्त्याच्या लाइनांवर ३३० ओहमचे. खरे तर इथे बफर आयसी हवे होते. रेझिस्टरने तेच काम काही पैशांत भागवले: दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू लागल्या तरी शॉर्ट होत नाही आणि यूएलए आपल्या बाजूला निवांत वाचत राहतो. तपासताना याचा उपयोग आहे. एखादी डेटा लाइन अडकलेली दिसली तर रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना मोजा. अडकण जिथे जास्त ठाम, दोषी चिप त्या बाजूची.

माझा बोर्ड कोणत्या आवृत्तीचा, आणि त्याने काय फरक पडतो?

बोर्डावर ‘इश्यू’ क्रमांक छापलेला असतो. इश्यू १ ची बटणे फिकट राखाडी आणि त्याच्या यूएलएची चूक निस्तरायला वर एक छोटा आयसी उलटा चिकटवलेला. इश्यू २ मध्ये प्रोसेसरच्या पाठीवर एक ट्रान्झिस्टर लोंबताना दिसेल. तो कारखान्यातलाच आहे, कुणा मेकॅनिकची करामत समजून काढू नका. इश्यू २ वर रंग जुळवायचे ट्रिमर आहेत, इश्यू ३ पासून ते गेले. इश्यू ५ मध्ये बरेच ७४एलएस आयसी एका झेडएक्स८४०१ मध्ये गोळा केले.

सॉफ्टवेअरला जाणवणारा फरक एकच. कीबोर्डचे २५४ क्रमांकाचे पोर्ट वाचताना सहावा बिट (शून्यापासून मोजून) टेपचा असतो. टेप नसताना इश्यू २ वर तो सहसा १ येतो, इश्यू ३ वर ०. काही जुन्या खेळांनी तो बिट न झाकताच आकडा तपासला, म्हणून ते इश्यू ३ वर बटणांना दाद देत नाहीत. कीबोर्ड बदलून उपयोग नाही.

कोणता अडॅप्टर चालेल?

९ व्होल्ट डीसी, किमान १.४ अँपिअर, आणि मधली पिन निगेटिव्ह. आज मिळणारे जवळपास सगळे अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्ह असलेले येतात, आणि तसा लावला तर रेग्युलेटरपासून पुढे बरेच काही जाते. लावण्याआधी मीटरने पाहा: काळी प्रोब मध्ये आणि लाल बाहेरच्या कड्यावर धरल्यावर आकडा अधिक चिन्हाचा यायला हवा.

मूळ अडॅप्टर रेग्युलेटेड नाही. मशीन न जोडता त्यावर १३ व्होल्टही दिसतील, घाबरू नका. पण जास्तीचा प्रत्येक व्होल्ट ७८०५ उष्णता म्हणून बाहेर टाकतो. समजा ०.८ अँपिअर जातोय, तर ९ व्होल्टला ३.२ वॉट आणि ११ व्होल्टला ४.८ वॉट. नवा रेग्युलेटेड ९ व्होल्टचा अडॅप्टर म्हणून बोर्डाला जास्त मानवतो. ७८०५ च्या जागी त्याच पिनांचे स्विचिंग मॉड्यूल बसवले तर हीटसिंक जवळजवळ गारच राहते. मशीनला चालू-बंदचा खटका नाही. प्लग उपसत-खुपसत बसण्यापेक्षा वायरीत एक स्विच टाका.

मशीन मेलेले दिसते. सुरुवात कुठून?

सप्लायपासून. ४११६ चिपला तीन व्होल्टेज लागतात. कुठलीही एक चिप (आयसी६ ते आयसी१३) घ्या, काळी प्रोब पिन १६ ला, आणि मोजा: पिन ९ वर +५, पिन ८ वर +१२, पिन १ वर −५. प्रोब घसरून पिन ८ आणि ९ एकत्र आल्या तर १२ व्होल्ट सगळ्या ५ च्या लाइनवर जातील, म्हणून टोकदार प्रोब वापरा आणि हात टेकवून धरा.

+५ नसेल तर ७८०५ आणि त्याच्या आधीचा मार्ग पाहा. +५ ठीक, पण १२ च्या जागी बरेच कमी आणि −५ च्या जागी शून्याच्या आसपास असेल तर मशीन लगेच बंद करा. −५ नसताना +१२ मिळत राहिले की ४११६ चिप एकामागून एक जातात.

१२ आणि −५ व्होल्ट येत नाहीत. का?

टीआर४ हा ट्रान्झिस्टर. स्पेक्ट्रमच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळा निघणारा भाग हाच. टीआर४ (झेडटीएक्स ६५०) आणि टीआर५ (झेडटीएक्स २१३) एका छोट्या कॉइलला वेगाने चालू-बंद करून ९ व्होल्टमधून +१२ आणि −५ तयार करतात. मशीन चालू असताना मागे काही जोडले किंवा ओढून काढले की हे सर्किट क्षणभर शॉर्ट होते आणि टीआर४ बळी जातो.

नुसता ट्रान्झिस्टर बदलून चालू कराल तर नवाही जाईल. आधी मशीन बंद असताना +१२ ची लाइन आणि ग्राउंड यांच्यामधला रेझिस्टन्स मोजा. काही ओहमच आला तर एखादी ४११६ आतून शॉर्ट आहे, तिला आधी शोधा. मग कॉइल पाहा. तारेवरचे आवरण करपून वेटोळे एकमेकांना चिकटले असतील तर कॉइल बदला किंवा त्याच जाडीच्या एनॅमल तारेने, तेवढेच वेढे मोजून, त्याच दिशेने पुन्हा गुंडाळा. टीआर४ साठी झेडटीएक्स ६५१ जास्त दणकट. टीआर५ ही त्याच खेपेला तपासा, तो अर्धमेला असेल तर टीआर४ पुन्हा जातो. सगळे ठीक झाले की कानाजवळ धरल्यावर कॉइलची बारीक किणकिण ऐकू येते.

सप्लाय ठीक, पण पडद्यावर पट्टे किंवा कचरा दिसतो.

रॉम सुरू होताच आधी बॉर्डर पांढरी करते, मग सगळ्या रॅममध्ये वरून खाली २ हा आकडा भरते आणि तो वाचून पाहते. म्हणून बॉर्डर पांढरी झाली असेल तर प्रोसेसर, रॉम आणि यूएलए यांचे किमान संभाषण सुरू आहे, आणि संशय खालच्या रॅमवर जातो. बॉर्डर काळी किंवा भलत्याच रंगाची अडकली तर आधी रॉम आणि प्रोसेसर पाहा, सॉकेटसह.

दर आठ ठिपक्यांनी एकाच जागी उभी रेघ दिसत असेल तर चिपचे नावच कळते. प्रत्येक ४११६ प्रत्येक बाइटचा एकच बिट सांभाळते: आयसी६ शून्यावा, आयसी१३ सातवा. सातवा बिट म्हणजे अक्षराच्या चौकोनातला डावीकडचा पहिला ठिपका. रेघ डाव्या कडेला असेल तर आयसी१३, उजव्या कडेला असेल तर आयसी६. एक अपवाद लक्षात ठेवा: सुरुवातीच्या तपासणीत काळ्यावर बारीक लाल उभ्या रेघा क्षणभर येतातच, तो भरलेला २ आहे. त्या हटल्या नाहीत तरच बिघाड.

संशयित चिपच्या पाठीवर चांगली चिप दाबून धरणे ही जुनी युक्ती चालते, पण चिप आतून तुटलेली असेल तरच. शॉर्ट असेल तर काही फरक दिसणार नाही. अशी चिप बहुधा बोटाला चटका देते. काढताना सोळा पाय कापून एकेक पाय वेगळा उपटा. चिप वाचवायच्या नादात बोर्डाच्या पट्ट्या उखडतात आणि पट्टी चिपपेक्षा महाग. जागी सॉकेट लावा.

४११६ ऐवजी ४१६४ थेट घालू नका. दिसायला सारखी असली तरी तिला पिन ८ वर ५ व्होल्ट लागतात, इथे १२ येतात. ती वापरायची तर +१२ आणि −५ च्या लाइन रॅमपासून तोडून पिन ८ ला ५ व्होल्ट द्यावे लागतात.

४८ केबीचे मशीन आहे, पण मेमरी कमी दाखवते.

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ (PRINT PEEK 23732 + 256 * PEEK 23733) ही आज्ञा द्या. उत्तर ६५५३५ आले तर सगळी रॅम ठीक. ३२७६७ आले तर मशीन स्वतःला १६ केबीचेच समजते आहे, म्हणजे वरच्या रॅमच्या पहिल्याच पत्त्यावर तपासणी अडकली. एखादी चिप किंवा पत्ता देणारे आयसी२५, आयसी२६ दोषी. मधलाच आकडा आला तर एखाद्या चिपमधला एखादा कोपरा मेला आहे.

इथल्या ४५३२ चिप म्हणजे अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिप. स्वस्तात मिळाल्या म्हणून सिंक्लेअरने घेतल्या. चांगला अर्धा कोणता ते नावाच्या शेवटी लिहिलेले असते (टेक्सासच्या चिपवर ३ किंवा ४, ओकीच्या चिपवर एच किंवा एल) आणि बोर्डावरच्या तारेच्या जोडण्या त्याप्रमाणे लावलेल्या असतात. म्हणून आठही चिप एकाच खुणेच्या हव्यात. मिसळ केली तर एकेकटी चांगली असूनही मशीन चालणार नाही. पूर्ण चांगली ४१६४ मात्र इथे बिनदिक्कत बसते, कारण तिचे दोन्ही अर्धे शाबूत असतात आणि या बाजूला फक्त ५ व्होल्टच आहेत.

१६ केबीचे ४८ केबी कसे करायचे?

आठ ४१६४ (आयसी१५ ते आयसी२२), दोन ७४एलएस१५७ (आयसी२५, २६), एक ७४एलएस३२ (आयसी२३), एक ७४एलएस०० (आयसी२४) आणि चिपच्या बनावटीची तारेची जोडणी. बहुतेक बोर्डांवर सॉकेट रिकामे तयार असतात. चिपची खाच सॉकेटच्या खाचेकडे ठेवा. उलटी बसलेली चिप एका सेकंदात जाते.

काही बटणे चालत नाहीत.

४० बटणे ८ अर्ध्या ओळी आणि ५ स्तंभ अशी गुंफलेली आहेत. कोणती बटणे एकत्र गेली ते पाहा. १, २, ३, ४, ५ अशी शेजारची पाच गेली तर अर्धी ओळ गेली: आठ तारांची पट्टी किंवा त्या ओळीचा डायोड. कॅप्स शिफ्ट, ए, क्यू, १, ०, पी, एंटर, स्पेस ही आठ एकदम गेली तर स्तंभ गेला: पाच तारांची पट्टी.

दहापैकी नऊ वेळा दोष पारदर्शक पट्टीचा असतो. ती वाळून वळणाच्या जागी तडकते. तडक टोकाजवळ असेल तर ५-६ मिलिमीटर कापून पुन्हा खुपसता येते, पण हा तात्पुरता इलाज. नवे मेम्ब्रेन (बटणांखालचा, या पट्ट्यांसकटचा पापुद्रा) मिळते, तेच घाला. रबरी बटणांच्या मशीनचे खालचे पाच स्क्रू काढा, वरचा भाग थोडाच उचला (झटका दिलात तर चांगली पट्टीही फाटेल), दोन्ही पट्ट्या सरळ वर ओढा. वरचा धातूचा पत्रा दुहेरी टेपने चिकटलेला असतो. हेअर ड्रायरने ऊब देऊन प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवा. एकदा वाकला की सरळ होत नाही.

आजच्या टीव्हीवर चित्र कसे आणायचे?

मूळ मशीन यूएचएफ चॅनेल ३६ वर सिग्नल देते. त्यात आवाज नसतोच, आवाज मशीनच्या स्पीकरमधूनच येतो. आजच्या टीव्हीसाठी कंपोझिट व्हिडिओ सिग्नल काढणे सोपे. मॉड्युलेटरचे झाकण उघडा, आतला फोनो सॉकेटच्या मध्यावर टेकलेला रेझिस्टर सोडवा. बोर्डावरून डब्यात दोन तारा जातात. मीटरने ५ व्होल्टची कोणती ते पाहून ती सोडवा आणि टोक झाका. दुसरी व्हिडिओची. तीही सोडवून १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून (अधिक टोक बोर्डाकडे) फोनोच्या मध्याला जोडा. चित्र पाल (PAL) या टीव्ही पद्धतीचे आहे, टीव्ही ऑटोवर किंवा पालवर ठेवा.

कॅपॅसिटर सरसकट बदलावेत का?

इलेक्ट्रोलिटिक बदला, विशेषतः चित्रात हलत्या लाटा येत असतील किंवा कॉइलच्या सर्किटचे व्होल्टेज डगमगत असेल तर. मूळ कॅपॅसिटर आडवे बसणारे आहेत. आधी फोटो काढा आणि बोर्डावरची अधिकची खूण पाहा. छोटे सिरॅमिक सहसा छेडायची गरज नाही.

टेप लोड होत नाही.

आधी टेप रेकॉर्डरच्या हेडचा कोन. लोड होताना पट्टे स्वच्छ आणि आवाज धारदार ऐकू यायला हवा, बोदा आवाज म्हणजे हेड वाकडे. आवाज तीन-चतुर्थांशापासून सुरू करून वर-खाली करा. टोन असेल तर तीव्र सुरांकडे. सेव्ह करताना फक्त माइकची वायर ठेवा, इयरची काढा. दोन्ही जोडल्या तर काही रेकॉर्डरमध्ये सिग्नल फिरून परत येतो आणि रेकॉर्डिंग बिघडते. मोबाइलवरून वाजवायचे असेल तर आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, नोटिफिकेशन बंद.

मागच्या जोडणीत काही लावताना काय सांभाळायचे?

मागची पट्टी म्हणजे बोर्डाचीच कडा, दोन्ही बाजूंना २८-२८ जागा, पाचव्या जागी खाच. प्रोसेसरच्या लाइना इथे बफरशिवाय थेट बाहेर येतात, शेजारी सप्लायच्याही. म्हणून नेहमी प्लग काढूनच जोडा आणि काढा. खाचेत अडवणारी किल्ली नसलेला कनेक्टर एक घर सरकून बसू शकतो, तसा वापरू नका. जोडण्याआधी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

पोर्टची निवडही काटकसरीची. यूएलए फक्त ए० लाइन पाहतो, त्यामुळे प्रत्येक सम क्रमांकाचे पोर्ट त्याचे. स्वतःचे काही बनवत असाल तर विषम क्रमांक निवडा आणि शक्य तेवढ्या लाइना पूर्ण तपासा.

१२८, प्लस टू, प्लस थ्री यांना हेच सगळे लागू का?

अर्धेच. १२८ मध्ये घड्याळ ३.५४६९ मेगाहर्ट्झ, फ्रेम ७०९०८ टी-स्टेटची, आवाजाला एवाय-३-८९१२ आणि मेमरीची पाने बदलायला ३२७६५ क्रमांकाचे पोर्ट आहे. १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना घेतल्यावर आलेला राखाडी प्लस टू आतून १२८ च्याच जवळचा, आणि त्याचाही सप्लाय ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. काळे प्लस टू ए आणि प्लस थ्री मात्र नव्या बोर्डाचे. त्यांना +५, +१२ आणि −१२ बाहेरूनच येतात, त्यामुळे टीआर४ चा प्रश्नच नाही. मागच्या पट्टीवरच्या काही लाइनाही बदलल्या आहेत. मागे जोडायचे सिंक्लेअरचे इंटरफेस १ हे उपकरण त्यांना चालत नाही.